तलवारीची नव्वी

साहेब, दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीची किल्ली तुम्ही दिलीत. पासो सेइबो गावच्या लोकांनी ती मागितली नव्हती, नर्सबाईंनी दिली नव्हती आणि रोग बरे करत फिरणाऱ्या बंधू आब्सालोनच्या खिशात ती आभाळातून पडली नव्हती. तुमच्या सहीचा कागद त्या दारावर अजून डकवलेला आहे: दर गुरुवारी सकाळी नऊ ते एक, आध्यात्मिक आधार सेवा. शिक्का गोल आहे, जांभळा आहे आणि आरोग्य खात्यातल्या तुमच्या हुद्द्याचा आहे. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण खुर्ची सुटली की तुमचं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही. खुर्चीनं काय केलं ते मात्र लक्षात ठेवायला हवं.

त्या खोलीत चोवीस माणसं बसतात. मार्चमधल्या त्या गुरुवारी शंभरावर होती. नदीतल्या बेटांवरून माणसं होड्या करून आली होती. घडीच्या खुर्च्या, गरम पाण्याचे थर्मास, माते नावाच्या कडू चहाचे तुंबे, कडेवर पोरं, आणि एका म्हातारीच्या पिशवीत बंधूंसाठी जिवंत कोंबडी. जिथं पूर्वी 'कृपया शांतता राखा' अशी पाटी होती, तिथं आता बंधूंचा फोटो होता. फोटोतही ते हात वर करून होते.

शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करणारी एर्सिलिया त्या गर्दीत तिच्या थोरल्या बहिणीला, निकानोराला, धरून उभी होती. एर्सिलियाचं वय चौपन्न. नदीकाठच्या क्लबात शनिवारी त्रूको या पत्त्यांच्या खेळाचा डाव बसतो, त्यात ती गावातली दोन नंबरची खेळाडू. एक नंबरचा बासिलिओ, मासेमारी करणारा, तोही पाठदुखी घेऊन रांगेत होता. निकानोरा एकसष्टची, विधवा, शिवणकाम करणारी. नऊ वर्षं ती सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिन टोचून घेत होती.

"माझ्या पोटाची चाळण झालीय गं," ती म्हणाली. "एकदा बंधूंना दाखवू दे. काय बिघडणार आहे?"

"बिघडलं तर?"

"तुझं तोंड नेहमी असंच. जा, चणे भिजत घाल."

बंधू आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात काळी प्रार्थनापोथी. माणूस देखणा आणि आवाज तर असा, की बेटावरची मेंढरंसुद्धा रांगेत बसतील.

"रोग म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "पान. आणि देह म्हणजे काय? कॅट. देव पिसतो, सैतान वाटतो. डॉक्टर काय करतो? वाईट पान दुसऱ्या पानाखाली झाकतो. मी झाकत नाही. मी पालटतो."

"पालटतो," गर्दी म्हणाली.

मग त्यांनी पोथीतून पान काढून उंच धरलं. तलवारीची नव्वी. तीन ओळी, तीन-तीन तलवारी. खोलीतून एक शिरशिरी गेली.

ती का गेली, हे त्या गावचं पाणी प्यायलेल्यालाच कळेल. आमच्याकडे पत्त्यांचे चार रंग: सोनं, पेले, तलवारी आणि दंडुके. पासो सेइबोत पत्त्यांचा नवा कॅट फोडला की पहिलं काम म्हणजे अठ्ठ्या आणि नव्व्या बाजूला काढणं. त्रूकोला त्या लागत नाहीत. ती आठ पानं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जातात, नाही तर चुलीत. सत्तीपर्यंतचं आणि चित्रांचं प्रत्येक पान लोकांना आईच्या चेहऱ्यासारखं ठाऊक असतं, पण तलवारीची नव्वी कशी दिसते हे अर्ध्या गावाला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. डावातून हाकलून दिलेलं, घरात न ठेवण्याचं ते पान अचानक पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाच्या हातात आलं तर अंगावर काटा येणारच.

"हे पान तुमच्या घरात का नाही?" बंधू म्हणाले. "कारण तुमच्या बापजाद्यांना ठाऊक होतं, हे मरणाचं पान आहे."

बापजाद्यांना फक्त त्रूको ठाऊक होता.

गुडघा असो, मूळव्याध असो, मूल होत नसो, सगळ्यांचं पान तेच. बासिलिओच्या पाठीलाही तलवारीची नव्वी आणि एका पोरीच्या परीक्षेच्या भीतीलाही तलवारीची नव्वी. "रोग अनेक, पान एक," बंधू सांगत होते, आणि लोकांना त्यातही काही खोल अर्थ दिसत होता.

निकानोराचा नंबर आला. बंधूंनी नव्वी तिच्या पुढ्यात धरली, मग पानाचं तोंड आत करून तिच्या पोटावर टेकवली.

"आई, जन्मापासून गोड खाऊन कुणाला दुखावलंस?"

निकानोरा बावरली. खाली पोटाकडे बघून आठवू लागली. बंधूंनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि पान बाहेरच्या बाजूला वळवलं. सोन्याची नव्वी. नऊ पिवळीधमक नाणी.

खोली रडली. निकानोरा तर हुंदके देऊन रडली. बंधूंनी पान पोथीत ठेवलं, पोथी कपाळाला लावली, पुन्हा उघडली आणि सोन्याची नव्वी काढून तिच्या हातात दिली.

"उशाशी ठेव. आणि शंकेचं औषध घरात ठेवू नकोस. दोन मालक एका घरात नांदत नाहीत."

एर्सिलिया मात्र रडली नव्हती. पान वळायच्या आधी, तलवारी दिसत असतानाच, तिच्या डोळ्याला काहीतरी टोचलं होतं.

आमच्या त्या पत्त्यांना चौकटीची एक रेघ असते. सोन्याच्या पानाची रेघ सलग, पेल्यांच्या पानात वर-खाली एकेक तूट, तलवारीच्या पानात दोन, दंडुक्यांच्या पानात तीन. त्रूकोचा खेळाडू पानं कधी उघडून बघत नाही. एकामागून एक केसभर सरकवतो आणि कडेची रेघ वाचतो. चित्र दिसायच्या आधी त्याला हातात काय आलं ते कळलेलं असतं. एर्सिलिया चाळीस वर्षं असंच वाचत आली होती. आणि तिला दिसलं होतं की तलवारीच्या नव्वीची रेघ सलग होती.

"चष्मा बदलायला झालाय," तिनं स्वतःला समजावलं.

घरी तिनं निकानोराला मिळालेलं पान खिडकीत धरून पाहिलं. सोन्याची नव्वी, रेघ सलग, कागद खरा, कुठे डाग नाही की जोड नाही. एर्सिलियाचं डोकं आणखीच फिरलं. तोवर निकानोरानं इन्सुलिनच्या तीन बाटल्या पिशवीत घालून नदीत सोडल्या होत्या.

"तू वेडी झालीस का, ताई?"

"नऊ वर्षं वेडी होते. आता शहाणी झाले."

एर्सिलिया दवाखान्यात गेली. मागच्या खोलीत नर्स ओतिलिया एकटीच नोंदवहीवर हनुवटी टेकून बसली होती.

"मी तीनदा घरोघरी जाऊन आले," ओतिलिया म्हणाली. "दार उघडत नाहीत. गुरुवारी सगळे बरे होतात आणि बुधवारी डॉक्टर आले तर खोली रिकामी. वर कळवलं की रुग्ण घटलेत. वरून काय आलं, बघ." तिनं कागद पुढे केला. अभिनंदनाचा होता. रुग्ण घटल्याबद्दल. आणि खाली एक ओळ: डॉक्टरांची बुधवारची फेरी पुढील सूचनेपर्यंत रद्द.

साहेब, तो कागदही तुमच्याच सहीचा होता.

गावात पत्त्यांच्या हातचलाखीबद्दल विचारावं असा एकच माणूस होता. झेनोन चांभार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तरुणपणी अकरा वर्षं सर्कशीत होता. दोन कसरतींच्या मधे तंबूत पडद्यापुढे उभा राहून पत्त्यांचे खेळ करायचा. आता उजवा हात थरथरतो, म्हणून बुटांना टाके घालतो, कारण टाक्याची थरथर दिसत नाही.

एर्सिलियानं सगळं सांगितलं. झेनोन बुटाचा तळ ठोकत ऐकत होता.

"पान पालटून झाल्यावर हातात देतो?"

"देतो. पण आधी पोथीत ठेवून."

"मग तेच पान देत नाही. पोथीत खरं पान तयार असतं. कामाचं पान कुणाच्या हातात जात नसतं, बाई. कोणतं पान वापरतो म्हणालीस?"

"नव्वी."

झेनोन हसला. हसताना त्याच्या तोंडातले खिळे पडले. "हुशार आहे मेला. असलं झडपेचं पान करायला चव्वी सगळ्यात सोपी. मधे जागा रिकामी, सांधा लपतो. पण चव्वी बासिलिओला अंधारातही ओळखू येते. नव्वीत मधली ओळ सांध्यावर कापली जाते, तरी कुणाला काय कळणार? नव्वी बघितलीय कुणी?"

"आणि रेघ सलग होती, काका. तलवारी दिसत होत्या तेव्हा."

झेनोननं हातोडी खाली ठेवली.

"खरंच पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग तो आपल्याकडचा नाही. त्यानं सोन्याचं पान तसंच ठेवलं, आणि तलवारींचं चित्र चौकटीच्या आत कापून वर डकवलं. रेघ काय बोलते हे त्याला कुणी शिकवलंच नाही. जन्मात त्रूको खेळला नसेल, बिचारा." एवढा तिरस्कार त्यानं खुन्याबद्दलही दाखवला नसता.

"मला शिकवा."

"एक वर्ष लागेल."

"दोन आठवडे. ताईनं औषध बंद केलंय."

झेनोननं तिच्या हातांकडे बघितलं. कढईच्या वाफेनं भाजलेले, पातेली उचलून रुंद झालेले हात. "हे हात," तो पुटपुटला. "पळी धरतेस तसं पान धरलंस तर मी तुला बुटाच्या साच्यात घालीन." आणि दुकानाची फळी आतून लावून घेतली.

पहिला धडा पान बनवण्याचा. क्लबाच्या डुगडुगत्या टेबलांखालून एर्सिलियानं नव्व्या गोळा केल्या. पान कोमट पाण्यात भिजवायचं, मग नखानं त्याचे पदर सोलायचे, म्हणजे जाडी कमी होते. मग एका पानाच्या बरोबर मध्यावर अर्ध्या पानाएवढी झडप बसवायची, खिडकीची असते तशी. बिजागरी म्हणून जखमेवर लावायची पातळ चिकटपट्टी. ती ओतिलियानं दिली, काही न विचारता. झडप खाली पाडली की पूर्ण पान तलवारींचं दिसतं, वर लोटली की पूर्ण पान सोन्याचं. पहिल्या तीन पानांची एर्सिलियानं लापशी केली. चौथं जमलं.

"आता रेघसुद्धा नीट कर," झेनोन म्हणाला. "आपण चोर असलो तरी अडाणी चोर नाही."

दुसरा धडा हाताचा. अंगठ्यानं झडप लोटायची, पण अंगठा हलताना दिसता कामा नये. म्हणून सगळा हात हलवायचा. मोठी हालचाल लहान हालचालीला पोटात घेते. एर्सिलिया शाळेच्या भटारखान्यात खिडकीच्या काचेसमोर उभी राहायची, एका हातानं भाजी परतायची आणि दुसऱ्या हातानं झडप लोटायची. दोनदा कांदा करपला. एकदा पान रश्शात पडलं आणि तलवारी सुटून वर तरंगल्या.

"टक् आवाज येतो," झेनोन कुरकुरला. "लोकांना कान असतात."

"मग काय करू?"

"त्या क्षणाला बोल. प्रश्न विचार. प्रश्न विचारला की माणूस तुझ्या हाताकडे बघत नाही, आपल्या पोटाकडे बघतो."

एर्सिलियाचा हात थांबला. जन्मापासून गोड खाऊन कुणाला दुखावलंस. ताई खाली बघून आठवत होती. तेवढ्यात झालं होतं ते. तिला असा संताप आला, की हातातलं पान तिनं मुठीत चुरगाळलं. पुन्हा नवं करावं लागलं.

इकडे निकानोरा तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. रात्री चारदा उठत होती. तिचे कपडे ढिले झाले.

"बघ, वजन उतरलं," ती आरशासमोर म्हणायची. "किती हलकं वाटतंय."

"ताई, ही साखर वाढल्याची खूण आहे. नर्सबाई सांगतात."

"नर्सबाईंना पगार मिळतो सांगायचा."

दुसऱ्या आठवड्यात तिच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट बुटानं घासलं. साधी खरचट. तीन दिवसांत ती काळीनिळी झाली आणि वास येऊ लागला. निकानोरानं त्यावर सोन्याची नव्वी बांधली, फडक्यानं, घट्ट.

गुरुवार उजाडला. एर्सिलियानं शाळेत सुट्टी टाकली, खमीस इस्त्री केला आणि रांगेत उभी राहिली. निकानोरा मागच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. बहिणीलाही श्रद्धा आली म्हणून तिला बरं वाटत होतं.

"काय दुखतंय, आई?" बंधूंनी विचारलं.

"खांदा. पण आधी तुम्ही माझं पान बघा." एर्सिलियानं खिशातून तलवारीची नव्वी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग ती बंधूंकडे पाठ करून गर्दीकडे वळली. समोर बासिलिओ होता. पान तोंड आत करून तिनं त्याच्या छातीवर टेकवलं.

"बासिलिओ, गेल्या शनिवारी माझ्या हातात काय होतं, सांग बरं?"

"तुझ्या हातात? पेल्यांची..." तो आठवू लागला, छताकडे बघून. एर्सिलियानं पान वळवलं. नऊ नाणी.

मग मागून एका बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. "एर्सिलियाला देणगी मिळाली," ती म्हणाली. कोंबडीवाली म्हातारी पुढे आली आणि तिनं नातवाचं पोट एर्सिलियाच्या हातापाशी आणलं. दोन माणसं तर गुडघ्यावर टेकली. एर्सिलियानं सगळी तयारी केली होती, पण याची केली नव्हती. चौदा दिवसांत ती पान शिकली आणि तीस सेकंदांत ती संत झाली.

"उठा," ती ओरडली. "उठा म्हणते ना. हे बघा." तिनं झडप सगळ्यांसमोर वर-खाली केली. सोनं, तलवार, सोनं. चिकटपट्टीचा सांधा दाखवला. "चिकटपट्टी आहे. जखमेची. मी माझ्या भटारखान्यात केलंय हे, भात शिजत होता तेव्हा."

लोक बघत राहिले. बंधू शांतपणे हसले. असलं हसू शिकायलाही वर्षं लागत असतील.

"हिनं युक्ती केली," ते म्हणाले. "खोटं नाणं कशावरून बनवतात? खरं नाणं असतं म्हणूनच ना? हिची युक्ती हेच सिद्ध करते की माझ्याकडे कृपा आहे."

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. गर्दी मोकळा श्वास घेऊ लागली. आणि सगळ्यात मोठा आवाज निकानोराचा होता. "तुझं पान खोटं, एर्सिलिया. त्यांचं खरं. घरी चल."

एर्सिलिया घरी गेली नाही. ती बासिलिओकडे वळली.

"तू पान बघायला कुठून सुरुवात करतोस?"

"कडेपासून. हा काय प्रश्न झाला?"

"मग बंधूंना त्यांची नव्वी दाखवायला सांग. हातात घेऊ नकोस. नुसती कड वाच."

बंधू म्हणाले की शंका घेणाऱ्याच्या डोळ्यांना या पानानं इजा होते. बासिलिओ म्हणाला, त्याची पाठ दुखतेय, डोळे नाहीत, आणि क्लबात जो पान दाखवत नाही त्याला नदीत टाकतात. मागे हशा झाला. बंधूंनी पान उंच धरलं, तलवारी पुढे करून, पुरेसं लांब. पण नदीवरच्या माणसाचे डोळे लांबचंच बघायला घडलेले असतात.

बासिलिओ बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मग तो हळू म्हणाला, "सलग आहे."

"मोठ्यानं सांग."

"रेघ सलग आहे. वरची. खालची पण. ते सोन्याचं पान आहे." आणि मग त्याच्या डोळ्यांना, त्या रेघेच्या आत, नऊ तलवारी दिसल्या. "तलवारीला सलग रेघ? कुठं छापतात असलं पान?"

आता सगळे बघत होते. खोलीत साठ-सत्तर त्रूको खेळणारी माणसं होती. गेले दोन महिने दर गुरुवारी त्यांनी ते पान पाहिलं होतं, आणि डावात जिकडे पहिली नजर जाते तिथं एकानंही बघितलं नव्हतं. देवासमोर आलोय म्हणून डोळे खाली घालून बसले होते. एकदा ती रेघ दिसली, की मग दुसरं काही दिसेना.

"रोगाच्या आतच सोनं दडलेलं असतं," बंधू घाईनं म्हणाले. "म्हणून तर रेघ..."

बासिलिओनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पाठदुखी विसरून दोन ढांगांत पुढे गेला आणि त्यानं पान त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. झडप लोंबायला लागली. ओल्या जिभेसारखी.

कुणी मारलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. कोंबडीवाली म्हातारी बंधूंच्या खुर्चीखालून आज आणलेली कोंबडी परत घेऊ लागली. तेवढ्यात निकानोरा उठली. लंगडत पुढे आली. तिनं पायाचं फडकं सोडलं आणि सोन्याची नव्वी बंधूंपुढे धरली. पान पुवानं चिकट झालं होतं.

"मी माझं औषध नदीत फेकलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून. आता मी काय करू?"

हा प्रश्न साधा होता. त्याला पत्ते लागत नव्हते.

"तुझी श्रद्धा कमी पडली, आई," बंधू आब्सालोन म्हणाले आणि पोथी काखेत मारून साडेअकराच्या बसकडे चालू लागले. त्यांना वाट करून देताना माणसं मागे सरली, चिखल उडेल म्हणून सरतात तशी.

ओतिलियानं मागच्या खोलीतला फ्रिज उघडला. आत एक लिंबू होतं आणि तिचा डबा होता.

"कुणी घेत नाही म्हणून वरच्यांनी साठा परत मागवला," ती एर्सिलियाला म्हणाली. तिला निकानोराकडे बघवत नव्हतं. "सोमवारी गाडी आली आणि घेऊन गेली."

बासिलिओनं होडी काढली. पैलतीरी, तिथून ट्रकनं, मोठ्या इस्पितळात पोचायला पाच तास लागले. एर्सिलियानं वाटभर ताईचा पाय मांडीवर धरला होता. निकानोरा एकदाच बोलली: "रेघ तुला पहिल्याच दिवशी दिसली होती?" एर्सिलियानं हो म्हटलं. "मग मला ओढून का नाही बाहेर नेलंस?" एर्सिलिया याचं उत्तर अजून शोधते आहे.

पाय वाचला. दोन बोटं गेली.

वाचणाऱ्यांनो, ताईंनो, दादांनो, यात कळायला कठीण काय आहे? चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, पान माझ्या हातात दे. मी कड बघतो. मी तुझ्या शेजारी उभा राहतो, समोर नाही. देत नसेल तर उठा आणि घरी जा. जाताना डॉक्टरनं दिलेलं औषध पिशवीत आहे ना, तेवढं बघा. बाजारात भेंडी घेताना तुम्ही तिचं टोक मोडून बघता. मग जिवाच्या बाबतीत एवढी लाज कसली?

एवढ्यावर हे संपलं असतं, पण एप्रिलच्या अखेरीस एर्सिलियाच्या नावानं एक कागद आला. गोल शिक्का, जांभळा. 'शासकीय आरोग्य इमारतीत विनापरवाना पत्त्यांचे प्रयोग केल्याबद्दल आपण पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा.'

एर्सिलिया तो कागद घेऊन निकानोराकडे गेली. निकानोरा उशांवर टेकून बसली होती. पायावर पांढरी पट्टी, बाजूला सुई आणि बाटली. तिनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"खुलासा करायचा म्हणतायत ना," ती म्हणाली. "लिही. मी सांगते."

एर्सिलियानं लिहिलं. झेनोननं थरथरत्या हातानं सही केली, बासिलिओनं केली, ओतिलियानं नोकरी जाईल हे माहीत असून केली आणि मग गावानं रांग लावली. तुमच्या टेबलावर तो कागद आहे, साहेब. पत्त्यांचा खेळ कसा केला ते त्यात पहिल्या पानावर सविस्तर आहे, चिकटपट्टीच्या मापासकट. दुसऱ्या पानावर फक्त निकानोराचे प्रश्न आहेत. डॉक्टरांचा बुधवार कुणी काढून घेतला? फ्रिजमधलं औषध सोमवारी गाडीत भरताना, ते कुणाचं आहे हे कुणी विचारलं का? आणि ते कधी परत येणार, कोणत्या तारखेला, किती वाजता?

पंधरा दिवस तुम्हीच ठरवलेत. उत्तर लेखी द्या.